चौथी ओळ

ऑफिसात त्याला सगळे पिक्सेल म्हणत. पडद्यावरचं बटण केसभर जरी सरकलं तरी या पठ्ठ्याच्या घशाखाली घास उतरत नसे. आणि नेमकं याच्याच हातून हे व्हावं!

अर्धांगाचा झटका आला आणि आईची वाचा गेली. एरवी अख्ख्या गल्लीला पुरून उरणारी बाई, पण आता मानही हलेना. उजवा हात जेमतेम सरके, आणि त्याचं एक बोट तेवढं तिचं ऐकत होतं. मग पिक्सेलने त्या बोटासाठी अ‍ॅप लिहिलं. बटण दाबलं की कॉम्प्युटर बोलणार. चार ओळी, बारा बटणं. वरच्या तीन ओळींत पाणी, पंखा, टीव्ही, बरं आहे, असलं किरकोळ. सगळ्यात खालची ओळ लाल: दुखतंय, कूस बदला, नको. बोट चुकून लागलं तर विंडो लहानमोठी होऊ नये, म्हणून तिची रुंदी आणि उंची त्याने कोडमध्येच दोन आकडे टाकून पक्की केली. आकडे घेतले ऑफिसातल्या स्वतःच्या ऐसपैस स्क्रीनवरून. तिथे ते झकास दिसत होतं.

अ‍ॅप त्याने थोरल्या बहिणीकडे, ताईकडे पाठवलं. आईला तीच सांभाळत होती. फोन आईच्या कानाला लावायला सांगून म्हणाला, "आई, दुखलं की अगदी खालचं लाल बटण दाब हं."

प्रत्येक दाबाची नोंद त्याच्या फोनवर येई. तीन महिन्यांत 'बरं आहे' रोज आठ-दहा वेळा, लाल बटण एकदाही नाही. त्याच्या जिवात जीव आला. डॉक्टरांनी फोनवर विचारलं, "दुखतं का त्यांना?" तर हा छाती फुगवून म्हणाला, "अजिबात नाही. नोंद आहे माझ्याकडे." त्यांनी दुखण्याची गोळी बंद केली.

"अरे, ती कण्हते रे," ताई एकदा म्हणाली होती.

"बटण दाबलं का तिने?"

"नाही," म्हणून ताईने फोन ठेवला. इतक्या शिकलेल्या भावापुढे ती काय बोलणार?

रजा मिळाली तेव्हा तो घरी आला. दुपार होती. आईच्या पलंगाला टेकवलेल्या छोट्या टेबलावर ताईचा जुना, बुटका टचस्क्रीन लॅपटॉप उघडा होता. त्यावर तीन ओळी दिसत होत्या.

"ताई, खालची बटणं कुठायत?"

"कुठली खालची? नऊच तर आहेत."

तो लॅपटॉपवर वाकला. विंडो स्क्रीनपेक्षा उंच होती. चौथी ओळ तळाशी, स्क्रीनच्या बाहेर गेली होती. आणि ताई रोज विचारायची, बरं वाटतंय ना? त्यावर त्या नऊ बटणांत दुसरं उत्तरच नव्हतं.

आईचं बोट हळूहळू काचेच्या खालच्या कडेला गेलं आणि तिथे घासत राहिलं.

"हे असंच करते सारखं," ताई म्हणाली. "सवयच लागलीय. मी रोज फडक्याने डाग पुसते तिथला."

तो पलंगाशी बसला. मग लॅपटॉप मांडीवर घेतला. ते दोन आकडे खोडले आणि आधी स्क्रीन केवढी आहे ते बघून मगच विंडो उघडावी, असं लिहिलं. पाच मिनिटांचंसुद्धा काम नव्हतं. त्याला स्वतःची शिसारी आली.

लॅपटॉप परत आईच्या हाताशी ठेवून अ‍ॅप पुन्हा उघडलं. चार ओळी. आई बघत राहिली. मग बोट खाली आलं.

"दुखतंय," त्याने निवडून घेतलेल्या गोड आवाजात कॉम्प्युटर म्हणाला.

ताईने तोंडावर हात दाबून धरला.

"दुखतंय. दुखतंय."

"आई, कधीपासून?" त्याने रडत विचारलं.

बाराही बटणांत त्याचं उत्तर नव्हतं. आई तेच बटण दाबत राहिली, आणि त्याच्या खिशातला फोन दर खेपेला थरथरून नोंद घेत राहिला.