गुणवंतरावांचं लिटल

"लिटलच हाये ना, भाऊ?" बुधरीनं विचारलं.

गुणवंतरावांनी बाजेवरचं पांघरूण उचललं आणि हळूच परत ठेवलं. पहाटे मोहफुलं वेचताना अस्वलानं तिच्या नवऱ्याला, कोलूला धरलं होतं. डोक्याची कातडी सोलवटली होती, पण त्याहून वाईट म्हणजे पोटात नखं गेली होती. बाज आणणारा त्याचा भाऊ झिंगू आणि गावचे तिघे उत्तराची वाट पाहत उभे होते.

तो शब्द गुणवंतरावांनीच त्यांना दिला होता. धानोऱ्याच्या दवाखान्यातले आधीचे मद्रासी डॉक्टर प्रत्येकाला 'लिटल फीवर', 'लिटल पेन' म्हणत धीर द्यायचे. त्यांची बदली झाली, जागा रिकामी राहिली, आणि मलमपट्टी करणारे गुणवंतराव अर्ध्या हळकुंडानं पिवळे झाले. खरूज लिटल, ताप लिटल, विंचूसुद्धा लिटल. एवढासा शब्द, पण ऐकला की माणूस निम्मा बरा व्हायचा. रानातल्या गावांनी त्याचा अर्थ पक्का धरला होता: लिटल म्हणजे पट्टी बांधायची आणि घरी जायचं, माणूस जगतो. लिटल नसेल, तरी घरीच जायचं. कारण माणसानं आपल्या शिवेत, आपल्या देवांजवळ मरावं.

या दोन्हींच्या मधलंही काही असतं. माणूस वाचू शकतो, पण इथं नाही, गडचिरोलीला. त्यासाठी गुणवंतरावांनी कधी शब्दच शिकवला नव्हता. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला.

"लिटल नाई, बुधरी."

झिंगूनं लगेच बाजेला हात घातला. "चाला, घरी नेऊ."

"अरे, थांब! मेला नाई थो. गडचिरोलीले पोट शिवतेत. नेलं तं जीव वाचन."

"अन् वाटेत गेला तं?" बुधरी म्हणाली. "परक्या शिवेत जीव गेला तं त्याच्या मायले मी काय सांगू?"

गुणवंतरावांनी दवाखान्याला कुलूप ठोकलं आणि बाजेखाली खांदा घातला.

"तुमी येता?"

"येतो. मीच नेऊन राह्यलो त्याले."

बुधरीनं झिंगूला मान हलवून खूण केली आणि मोटार नव्हती म्हणून बाज खांद्यांवरच गडचिरोलीच्या वाटेला लागली.

चैताचं ऊन होतं. कोलू पाणी मागत होता. पोटाच्या जखमेला पाणी चालत नाही, म्हणून गुणवंतराव ओल्या फडक्यानं त्याचे ओठ पुसत होते. दुपार कलल्यावर त्याचं मागणं थांबलं. दिवस बुडताना गडचिरोलीची कौलं दिसू लागली, तेव्हा त्याचा हात बाजेखाली लोंबला. गुणवंतरावांनी बाज टेकवायला लावली आणि मनगट धरून ते बराच वेळ बसले.

बुधरीला सांगावं लागलं नाही. ती कोलूच्या कानाशी गोंडीत काहीतरी बोलली आणि तिनं पांघरूण त्याच्या तोंडावर ओढलं.

"चुकलो, बाई," गुणवंतराव म्हणाले. त्यांना रडू आवरेना. "घरी तरी गेला असता."

झिंगू पुढे आला आणि गुणवंतरावांना बाजूला सारून बाजेची त्यांची बाजू उचलू लागला.

"राहू दे," बुधरी म्हणाली. "भाऊनं आनलं. आता भाऊच पोचवतीन."

त्यांनी बाज गावाकडे फिरवली.