जेवणानंतरची गोळी

निशिगंधाच्या वाट्याला चौदा मनोरुग्ण होते आणि घरच्यांपेक्षा तिला त्यांचंच जास्त पाठ होतं. असं ती तरी समजत होती. घरोघर फिरायचं, गोळ्या चालू आहेत का बघायचं, डॉक्टरांना कळवायचं, नातेवाइकांची समजूत काढायची, हे तिचं काम. आठ वर्षांत स्कूटर बदलली, पाठ धरली, पगार मात्र जागचा हलला नाही.

उचगावच्या ऋषभकडे ती दर मंगळवारी सकाळी जायची. तिशीतला माणूस. डोक्यातले आवाज वर्षभर गप्प होते, चुलत्याच्या भांड्यांच्या दुकानात बसायला लागला होता. चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी गोळी बदलली आणि हा रात्री दोनला उठून अंगणात येरझाऱ्या घालू लागला. निशिगंधाने कळवलं, डोस वाढला. पुन्हा कळवलं, पुन्हा वाढला. दिवसा पेंगतो म्हणून दुकान सुटलं, शेजारी वैतागले. शेवटी थोरला भाऊ जिनपाल म्हणाला, "आता भरतीच करा."

मनोरुग्णालयातल्या भरतीच्या अर्जावर घरच्यांची सही घ्यायलाच ती आज दुपारनंतर निघाली होती. वाटेत स्कूटर पंक्चर झाली आणि पोचेपर्यंत संध्याकाळचे साडेपाच वाजले.

घरात जेवणं उरकत आली होती. "बसा मॅडम," ऋषभची आई रत्नाबाई म्हणाल्या, "दिवस मावळायच्या आत आमचं आवरतंय, तुमाला ठावं हायच की."

ठाऊक होतंच. जैनांच्या घरी सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही, हे कोल्हापुरात वाढलेल्या बाईला कोणी सांगावं लागतं? ऋषभने हात धुतले. रत्नाबाईंनी डबीतली गोळी त्याच्या तळहातावर ठेवली.

"आक्का, ही कुठली?" निशिगंधाने विचारलं.

"रात्रीची की. जेवणानंतर द्या म्हणून तुमीच लिवलंय न्हवं."

निशिगंधाने गोळी त्याच्या तळहातावरून उचलून परत डबीत टाकली. झोप आणणारी गोळी, आणि ती साडेपाचला. सातला माणूस आडवा, दोनला झोप पुरी. रात्रीची गोळी जेवणानंतर देता ना, असं ती दर मंगळवारी विचारायची आणि देतो की, असं उत्तर घेऊन पुढच्या घरी पळायची. तिला स्वतःची लाज वाटली.

तिने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, भरती थांबवा, आजची गोळी साडेनऊला द्या, उद्या सकाळी घेऊन या, डोस बघू.

"आक्का, चूक माझी हाय," ती म्हणाली.

"औषधाला सूट असतीया की," रत्नाबाई म्हणाल्या. "आधी सांगायचं न्हाय व्हय?"

"मी सांगितलं हुतं," ऋषभ शांतपणे म्हणाला. "गोळी लई लवकर हुतीया म्हणून. दोनदा. तुमी लिवून घेतलासा."

तिने फाईल उघडली. तिच्याच अक्षरात दोनदा लिहिलं होतं : पेशंट औषध टाळतो आहे. तिने पान त्याच्यापुढे धरलं. त्याने सावकाश वाचलं. तिने पेन पुढे केलं, म्हणाली, "खोड ते."

त्याने पेन घेतलं नाही. "तुमीच खोडा मॅडम," तो म्हणाला. "मी खोडलेलं कोण खरं धरतंय?"