सातवं गणित

मैत्री नावाच्या मुलीचा गणितात हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं, आणि कमी हजेरीच्या यादीत पहिलं नाव तिचंच होतं. घ्या आता.

कारण साधं होतं. २००५ साली दिल्लीबाहेर मानेसरजवळच्या त्या कोऱ्या करकरीत इंजिनिअरिंग कॉलेजात, पहिल्याच दिवशी वर्गातल्या इशिताने हसत विचारलं होतं, "रँक कितनी थी?" मग आडनाव विचारलं, आणि मग नुसतं "अच्छा" म्हणाली. त्या 'अच्छा'त 'कोट्यातली' हा शब्द अख्खा बसला होता. मैत्रीला तो जिव्हारी लागला.

तिने वर्गाकडे पाठ फिरवली आणि कम्प्युटर लॅबमधली कोपऱ्यातली खुर्ची पकडली. गणिताच्या एका फोरमवर ती 'शून्य' झाली. तिथे ना रँक, ना आडनाव. कुठली कुठली पोरं प्रश्न टाकायची, ही चुटकीसरशी सोडवायची आणि शेवटी लिहायची, "हो गया ना?" खाली आभारांची रांग लागायची. दिल्लीतल्या द्वारकेला, घरी बाबांना फोनवर "क्लास मस्त चाललेत" असं ठोकून द्यायची. मग स्वतःचाच राग यायचा, आणि राग आला की पुन्हा फोरम.

बुधवारी नोटीस लागली. गणिताचा आणखी एक तास बुडाला तर तिला परीक्षेला बसता येणार नव्हतं. त्या दिवशीचा तास दोनला होता. पावणेदोनला ती उठणार, तेवढ्यात प्रश्न आला.

"शून्य सर, प्लीज. आज मला फळ्यावर बोलावणार आहेत आणि सातवं सुटतच नाहीये."

प्रश्न त्यांच्याच वर्गाला दिलेल्या कागदावरचा होता. खाली नाव होतं, इशिता.

सुटणार कसं? छापतानाच अधिकच्या जागी उणे पडलं होतं. मैत्रीची बोटं शिवशिवली. पण एक उत्तर दिलं की दहा प्रश्न येतात, तास असेच तर बुडले होते. आणि जिच्या धाकाने आपण इथे दडून बसलो, तीच आपल्याला 'सर, सर' करतेय. मैत्रीला हसू आलं, मग स्वतःची लाज वाटली. तिने कम्प्युटर बंद केला आणि वर्गाकडे निघाली.

वर्गात इशिता खडू धरून फळ्यापुढे अडली होती. मैत्री मागून उठून पुढे आली.

"सर, सवाल ग़लत छपा है. यहाँ प्लस चाहिए."

चार ओळींत तिने गणित सोडवलं. सर कागद पाहून "बिल्कुल" म्हणाले. मैत्री सवयीने इशिताकडे वळली.

"हो गया ना?"

इशिता फळा सोडून तिच्याकडे वळली. "शून्य सर?"

"सर नाही," मैत्री सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाली. "मैत्री मेश्राम. आठवं अडलं तर माझ्या बाकावर ये."