हिरवा ठिपका

कॉम्प्युटरच्या खालच्या पट्टीत, घड्याळाच्या शेजारी, चित्रांची जत्रा भरली होती. अँटिव्हायरसची ढाल, शाई संपत आल्याचं सांगणारा प्रिंटर, हवामानाचा सूर्य, एक घंटा, एक लिफाफा आणि चष्मा लावूनही ओळखू न येणारी आणखी चार-पाच. प्रत्येकाला काहीतरी सांगायचं असायचं. टिंग वाजायचं, कोपऱ्यातून एक चौकट वर यायची आणि गिऱ्हाइकाचा फॉर्म अर्धा झाकून टाकायची. घरात माणसं तोंड उघडत नव्हती आणि हे यंत्र मेलं दिवसभर बडबडत होतं.

नांदेडला तरोडा नाक्याजवळ आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. गुरुवारी दुपारी रेवणप्पामामा पीक विम्याचा फॉर्म भरायला आले होते. मी त्यांचा गट नंबर टाकत होते, तेवढ्यात कोपऱ्यातून तोकड्या कपड्यांतल्या एका बाईची जाहिरात वर आली. मामा बिचारे मान वळवून रस्त्यावरचा ऑटो निरखायला लागले. माझा राग नाकावरच असतो. मामा गेल्याबरोबर ही सगळी जत्रा उठवायची, असं मी ठरवलं.

खरं तर माझं लक्ष फॉर्मातही नव्हतं आणि जाहिरातीतही नव्हतं. ते मोबाइलमधल्या एका हिरव्या ठिपक्यात अडकलं होतं.

माझी मुलगी ऋतुजा लातूरला राहून डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करते. खाडगाव रोडला चांगुणाबाईंच्या घरी वरच्या मजल्यावर तिची खोली आहे. रविवारी टेस्टचे मार्क आले, ते वाईट होते. मी फोनवर तिला बोलले, नको तेवढं बोलले, आणि शेवटी म्हणाले, "परत मला तोंड दाखवू नको." पलीकडून फोन बंद झाला. तेव्हापासून अबोला.

अबोला ही आमच्या घरची जुनी रीत. माझे सासरे संगप्पा विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून सख्ख्या भावाशी बोलायचे बंद झाले, ते शेवटपर्यंत. एकाच पंगतीला बसायचे आणि मीठ हवं असलं की भिंतीला सांगायचे. ह्या रीतीचा नियम एकच, आधी लहानानं बोलायचं. मोठ्यानं स्वतःहून फोन केला की मोठेपण गेलं. मी नवी सून होते तेव्हा ह्या सगळ्याला हसायचे. पुढं घरात सगळ्यांत पक्की मीच निघाले.

पण अबोला धरला तरी आईचा जीव कुठं शांत बसतो? शिकायला गेलेल्या पोरांच्या बातम्या पेपरात येतात, ते पान मी न वाचता उलटते. रविवारपासून मला भीती वाटत होती आणि त्या भीतीवर माझ्याकडं एकच औषध होतं. तिच्या क्लासचं एक ॲप आहे, पालकांच्या मोबाइलवरही असतं. त्यात आपल्या मुलाच्या नावापुढं ठिपका दिसतो. हिरवा म्हणजे मूल ॲपवर हजर, राखाडी म्हणजे नाही. सकाळी मी दुकान उघडून बसते न बसते तोच ऋतुजाचा ठिपका हिरवा व्हायचा. रात्री दुकान वाढवून मी जेवायला बसले की राखाडी. पोरगी वेळेवर उठते, वेळेवर झोपते, मार्कांचा राग अभ्यासावर काढते, असं मनाशी म्हणत मी गप पडायचे.

माझे यजमान शिवशंकर शाळेत शिकवतात. मंगळवारी त्यांनी मला चोरून तिला फोन लावला, तो बंद आला. ते घाबरून दुकानात आले आणि म्हणाले की आपण जाऊन येऊ. मी त्यांच्यापुढं मोबाइल धरला. फोन तिनं रागानं बंद ठेवलाय, पण क्लासनं दिलेल्या टॅबवर अभ्यास चालू आहे, हा बघा ठिपका, असं सांगितलं. त्यांचा जीव भांड्यात पडला. बुधवारी त्यांनी तोच विषय काढला, तर मी पुन्हा ठिपकाच दाखवला.

तर गुरुवारी मी ती चित्रं काढायला बसले. एकेकावर उजवं बटण दाबायचं, नोटिफिकेशन बंद करायचं, नाहीतर ते चित्रच घालवायचं. लिफाफा गेला, घंटा गेली, सूर्य मावळला. शेवटी एक जांभळं टिकलीएवढं चित्र राहिलं. त्याच्यातून अधूनमधून इंग्रजीत अमका आला, तमका गेला असं काहीतरी वर यायचं. ही पण जाहिरातच असणार, म्हणून मी त्याला बाहेर काढलं. पट्टी सारवलेल्या अंगणासारखी स्वच्छ झाली. बऱ्याच दिवसांनी मला बरं वाटलं.

सवयीनं मोबाइल बघितला. ठिपका राखाडी.

जेवायला गेली असेल, म्हटलं. एकाचं आधार कार्ड झेरॉक्स करून दिलं. पुन्हा बघितलं, राखाडीच. मग शंका आली की ते जांभळं चित्रही प्रिंटरचंच तर नव्हतं? उद्या प्रिंट निघेना झाली तर पंचाईत. म्हणून मी ते शोधून पुन्हा चालू केलं. पडद्यावर खिडकी उघडली आणि त्यात ऋतुजाचा फोटो आला. खाली तिचं नाव. दिवाळीच्या सुट्टीत नोट्सच्या प्रिंट काढायला तिनंच क्लासचं ॲप ह्या कॉम्प्युटरवर टाकलं होतं, आणि जाताना तसंच सोडलं होतं. कॉम्प्युटर चालू झाला की ते तिच्या नावानं आपोआप चालू होत होतं.

मोबाइलवरचा ठिपका हिरवा झाला.

मी ॲप बंद केलं. थोड्या वेळानं ठिपका राखाडी. चालू केलं, हिरवा. मी पुन्हा बंद केलं, कारण मला ते खोटं ठरवायचं होतं. ते खोटं ठरलं नाही.

मग एकेक आठवायला लागलं. बुधवारी दुपारी लाईट गेली होती आणि तेव्हा ठिपकाही गेला होता. पोरगी जरा आडवी झाली असेल, असं मी तेव्हा कौतुकानं म्हटलं होतं. सकाळी वेळेवर उठत होते ती मी. रात्री वेळेवर बंद होत होतं ते माझं दुकान. चार दिवस मी स्वतःचाच कॉम्प्युटर बघून समाधान करून घेत होते. रविवारी तिनं फोन ठेवल्यापासून ती कुठं आहे, जेवली का, आहे की नाही, ह्यातलं मला काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं.

  तिचा फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. क्लासच्या ऑफिसात लावला. तिथल्या बाईंनी थांबायला सांगितलं आणि मग सांगितलं की ऋतुजा सोमवारपासून आलेली नाही, आम्हाला वाटलं गावी गेली. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. त्या एका मिनिटात माझ्या मनानं जे जे दाखवलं ते मी कुणाला सांगणार नाही. शिवशंकरांना फोन करून मी एवढंच म्हणाले की गाडी घेऊन या. माझ्या आवाजावरून त्यांनी कारण विचारलंच नाही.

मग चांगुणाबाईंना लावला. त्या निवांत होत्या. ऋतुजाच्या खोलीतली दुसरी मुलगी लग्नाला गावी गेली आहे, असं त्यांनी सांगितलं. ऋतुजा कधी दिसली, असं मी विचारलं.

"दिसली न्हाई बाई. दार लावूनच हाय. म्हणलं अभ्यास करून राहिली, कशाला त्रास द्यायचा."

"वर जा," मी म्हणाले. "आत्ता जा. फोन ठेवू नका."

त्यांचे गुडघे दुखतात. एकेक पायरी चढताना त्यांचा श्वास मला ऐकू येत होता आणि मला त्यांचा राग येत होता, जिन्याचा येत होता, सगळ्यांत जास्त माझा येत होता. मग दार वाजलं. "ऋतुजा, ए पोरी." काही नाही. पुन्हा वाजलं. काही नाही. मी दुकानात फरशीवर बसले होते. समोरून कुणीतरी झेरॉक्स आहे का विचारत होतं. चांगुणाबाईंचा आवाज बदलला. त्या आता दोन्ही हातांनी दार बडवत असाव्यात, कारण फोन कुठंतरी खाली ठेवल्यासारखा आवाज लांबून यायला लागला. मी देवाचं नाव घ्यायला गेले, तेही आठवेना.

मग कडी निघाल्याचा आवाज आला.

चांगुणाबाई काहीतरी म्हणाल्या, ते मला कळलं नाही. फोन हातातून हातात गेला. श्वास ऐकू आला आणि तो माझ्या पोरीचा होता. जन्मल्यापासून ऐकते मी तो.

"ऋतू," मी म्हणाले. आधी मीच बोलले.

 ती बसक्या आवाजात म्हणाली, "सोमवारपासून कडी लावून बसून राहिले, आई. वाट बघून राहिले होते, कुणी दार वाजवतं का म्हणून. आज संध्याकाळपर्यंतच बघणार होते."

त्यापुढचं मी विचारलं नाही.  बाहेर गाडी थांबल्याचं ऐकू आलं.

"आम्ही निघालो, बाळा," मी म्हणाले. "चांगुणाबाईंना तिथंच बसव. मी येईपर्यंत माझ्याशी बोलत राहा. आणि दार उघडंच ठेव."