सुई आणि ताटाच्या मधला वेळ

आई गेल्यावर बाबांचं इन्सुलिन सांभाळायचं काम माझ्याकडे आलं, आणि बाबांना ते मुळीच पसंत नव्हतं.

"सुई मला टोचते, तुला नाही," ते म्हणाले. "मग तू कशाला तोंड वाकडं करतेस?"

खरं तर ती सुई त्यांनी स्वतः कधी टोचलीच नव्हती. दोन्ही जेवणांआधी आईच टोचायची. बाबा सदऱ्याचं टोक वर धरायचे आणि दुसरीकडे बघायचे. आता मी रजा काढून आले होते आणि रजा संपत आली होती. एकतर बाबा हे सगळं एकट्यानं करायला शिकणार होते, नाहीतर घराला कुलूप लावून माझ्याकडे येणार होते. माझ्या दोन खोल्यांत त्यांचं बांधणीचं टेबल मावलं नसतं. हे आम्हा दोघांना ठाऊक होतं, म्हणून कोणीच त्याबद्दल बोलत नव्हतं.

बाबा बुकबाइंडर. घराची पुढची खोली म्हणजेच त्यांचा कारखाना. वाचनालयांची खिळखिळी झालेली पुस्तकं अजून त्यांच्याकडे येतात, आणि एक छापखाना नव्या पुस्तकांचे सुटे फर्मे पाठवतो. फर्मा म्हणजे घडी घातलेली सोळा पानं. असे फर्मे एकावर एक शिवले की पुस्तक होतं. खोलीला खळीचा आणि कोऱ्या कागदाचा वास आहे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच वडिलांच्या अंगाला हा वास येत असणार.

त्यांचं जुनं इन्सुलिन सावकाश चढणारं होतं. टोचल्यावर अर्धा तास थांबायचं, मग जेवायचं. त्या अर्ध्या तासात बाबांना खळीत हात घालायची मनाई होती, कारण हात धुऊन झालेले असायचे. मग आई समोरच्या स्टुलावर बसायची आणि टेबलावर जो फर्मा पडला असेल तो वाचून दाखवायची. कधी कादंबरीचा मधलाच तुकडा, कधी प्रवासवर्णन, एकदा तर मधमाश्या पाळण्यावरचं काहीतरी. पुस्तक शिवून झालं की शेवट वाचायच्या आधीच छापखान्यात परत जायचं. "तुझ्या बाबांना दुनियेतल्या कादंबऱ्या तोंडपाठ आहेत," आई म्हणायची, "फक्त कोणी कोणाशी लग्न केलं ते विचारू नकोस."

आई गेल्यावर बाबांच्या जेवणाचा नेम राहिला नाही. ताट वाढलं की दोन घास खायचे आणि उठायचे. म्हणून डॉक्टरांनी औषध बदललं. नवं इन्सुलिन लवकर चढणारं होतं आणि पेनमधून घ्यायचं होतं. ते समजावून सांगायला दवाखान्यातल्या सिस्टरनं आम्हाला तिच्या टेबलाशी बसवलं. आईला ती चांगली ओळखत होती.

"काका, जुनं औषध सामानसुमान घेऊन पायी यायचं," ती म्हणाली. "तुम्हाला तयारीला वेळ मिळायचा. हे तसं नाही. आत्ता बोलावलं की लगेच दारात उभं. ताट वाढलेलं नसेल, तर याला बोलवायचंच नाही."

"आणि बोलावलं तर?"

"मग त्याला खायला मिळत नाही आणि ते तुमची साखर खाऊन टाकतं. घाम फुटेल, हात थरथरतील, बोलणं अडखळेल."

नंतर ते ठेवायचं कसं ते तिनं सांगितलं. न उघडलेली पेनं फ्रीजमध्ये ठेवायची, पण बर्फाच्या कप्प्याजवळ किंवा मागच्या गार भिंतीला लावून नाही. चालू पेन बाहेर राहिलं तरी चालतं, साधारण चार आठवडे. फक्त ऊन नको आणि शेगडीची धग नको.

"बाहेर?" बाबा म्हणाले. "ही तर कायम फ्रीजमध्येच ठेवायची."

सिस्टरनं पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाली, "त्यांचं बरोबरच होतं. हेही बरोबर आहे."

घरी आल्यावर बाबांनी नवी पेनं स्वतःच्या हातानं फ्रीजमध्ये लावली आणि जितकं गार तितकं बरं म्हणून अगदी मागे सरकवली. दुसऱ्या दिवशी एका पेनात बर्फाचे कण दिसले.

"वितळेल की," ते म्हणाले.

"वितळेल, पण उपयोगाचं राहणार नाही. जळलेल्या सरसात पाणी घातलं तर तो पुठ्ठा धरतो का?"

"जळका सरस?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या धंद्याचा अपमान केला होता. मग ते पेन मुकाट्यानं बाजूला काढलं आणि बाकीची मधल्या फळीवर आणून ठेवली. चालू पेन मात्र पुन्हा फ्रीजमध्येच गेलं. प्रत्येक गोष्टीवर बोलायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

टोचायला ते लवकर शिकले. आयुष्यभर पुस्तकं शिवलेला माणूस, सुईला थोडाच घाबरणार? पेनवरचा डोसाचा आकडा फिरवायचा, टोचायचं, मनात दहा मोजायचे, सुई काढायची. मला वाटलं, जमलं.

त्या दुपारी मी दूध आणायला खाली गेले आणि शेजारच्या काकूंशी बोलत थोडी रेंगाळले. परत आले तेव्हा स्वयंपाकघरात जेवण झाकलेलंच होतं. बाबा पुढच्या खोलीत टेबलाशी बसले होते. समोर फर्मा उघडा, त्यापलीकडे आईचं स्टूल. सदऱ्याची कॉलर घामानं ओली झाली होती.

"बाबा?"

त्यांनी वर पाहिलं, पण फार लांबून कुणी हाक मारावी तसं. "पान उलटं लागलंय," ते म्हणाले. "सगळी पानं उलटी लागलीत."

पानं सरळ होती. मी पाण्यात भरपूर साखर ढवळली, पेला त्यांच्या ओठांशी धरला आणि घोट घोट प्यायला लावलं. पंधरा मिनिटांनी शुगर तपासली, ती वर आली होती. मग ताट आणलं आणि शेवटचा घास संपेपर्यंत समोर उभी राहिले. हळूहळू त्यांचे डोळे पुन्हा त्यांचे झाले.

"टोचलं कधी?"

"मघाशी."

"मघाशी म्हणजे? सिस्टरनं काय सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं. मी बहिरा नाही."

"मग?"

त्यांनी फर्म्याची घडी अंगठ्यानं दाबली. आधीच बसलेली घडी. "टोचलं की ती समोर बसायची," ते म्हणाले. "टोचलं आणि लगेच जेवायला लागलो, तर तिनं बसायचं कधी?"

मी पेला घेऊन आत गेले आणि धूत राहिले. काचेवर काहीच उरलं नव्हतं, तरी धूत राहिले. मग माळ्यावरून मोठी बॅग काढली आणि पुसायला घेतली. नळाचा आवाज बंद झाल्यावर बाबा दारात आले. त्यांनी बॅग पाहिली.

"माझी?"

"तुमची."

"बरं," ते म्हणाले. "पण पुढच्या दाराचं कुलूप लागत नाही. दार उचलून धरावं लागतं. तुला एकटीला जमायचं नाही." आणि ते जाऊन टेबलावरचे फर्मे एकसारखे करू लागले, कुणाकडे सोपवायचे असल्यासारखे.

त्या ढिगाकडे बघून मला राग आला. त्यांचा नाही, आईचाही नाही. पण रागानं डोकं मात्र चाललं.

"अर्धा तास बसा ना," मी म्हटलं. "कोण नको म्हणतंय? फक्त आधी बसा. पेनला हात न लावता. मग ताट वाढा, मग टोचा, आणि लगेच घास घ्या."

"उलटंच झालं की सगळं." त्यांनी एक फर्मा टेबलावर ठोकून सरळ केला. "तेव्हा औषध चढायची वाट बघायची असायची, म्हणून वाचन व्हायचं. आता कशाची वाट बघायची?"

"भुकेची."

"ती तर हल्ली येतच नाही."

"म्हणूनच."

बाबा हसले नाहीत, पण फर्मे आवरायचे थांबले. मी चालू पेन फ्रीजमधून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवलं, खिडकीपासून दूर, जिथे त्यांचं ताट येतं तिथे.

"सुई ताटाशेजारी? तुझ्या आईनं घराबाहेर काढलं असतं."

"मला की तुम्हाला?"

"दोघांनाही. आणि मग जेवण गार होतंय म्हणून परत आत बोलावलं असतं."

त्या संध्याकाळी त्यांनी मला वाचायला बसवलं. मी स्टूल ओढून घेतलं आणि वाचू लागले. माझं कामच मुद्रितं तपासायचं, वाचण्यात आयुष्य गेलेलं. तरी पहिल्याच पानावर त्यांनी हात वर केला.

"धावतेस कुठे? स्वल्पविरामाला थांबत नाहीस."

"आई थांबायची?"

"ती स्वल्पविरामाला चहा पिऊन यायची."

आम्ही दोघं हसलो. आई गेल्यापासून त्या खोलीत कुणी हसलं नव्हतं. हसू संपल्यावर मला पुढची ओळ नीट दिसेना. बाबा खिडकीबाहेर बघत थांबून राहिले. मग मी वाचलं. फर्मा एका वाक्याच्या मध्यावर संपला, तसे ते उठले. स्वतः ताट वाढून घेतलं, बसले, पेन उचललं, आकडा फिरवला, टोचलं. सुई काढून ठेवली आणि घास घेतला.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

उरलेले दिवस मी काहीही न करायचा सराव केला. स्वयंपाकघरात जायचं नाही, आठवण करून द्यायची नाही, दाराआडून डोकावायचं नाही. शेवटचं जमलं नाही. पण दोन्ही वेळेला मला तेच दिसलं. आधी ताट, मग सुई, मग घास. समोरचं स्टूल तिथेच होतं आणि त्याआधीचा अर्धा तास बाबा त्याच्या दिशेनं, बऱ्यापैकी मोठ्यानं, वाचत असायचे. मी बॅग पुन्हा माळ्यावर टाकली.

निघताना मी म्हटलं, टोचलं की रोज मला फोन करा. बाबांनी विचार केला.

"टोचलं म्हणून सांगितल्यानं काय कळणार तुला? सांगायला काय, कोणीही सांगतं. मी घास तोंडात घालून फोन करीन. तू ऐक."

आता दुपारी माझ्या टेबलावरचा फोन वाजतो. मी हातातली पेन्सिल खाली ठेवते.

"बाबा?"

पलीकडून शब्द येत नाही. नुसता चावल्याचा आवाज, सावकाश, मन लावून चाललेला. मग गिळल्याचा. मग दुसरा घास.

"काय आहे आज जेवायला?" मी विचारते.

"हंऽ," बाबा म्हणतात, आणि जेवत राहतात.