मॅटाडोरमधला पलंग

परभणीचं लग्न आटोपून आम्ही परत निघालो, तेव्हाच माझी खात्री झाली की मुलगा आणि सून मिळून काहीतरी शिजवतायत.

गाडी आमच्या कमळाकरचीच, मॅटाडोर. एरवी तो तिच्यातून उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या कारखान्यांतले जीन्सच्या पँटींचे गठ्ठे वाहतो. लग्नाला निघायच्या आधी मात्र त्याने एका सुताराकडून आत पलंग ठोकून घेतला. कोपऱ्यात स्टोव्हला कट्टा, पाण्याचं पिंप, खिडकीला पडदा. "आई, तुझे गुडघे दुखतात ना, जरा आडवी होत जा," म्हणाला. गुडघ्यांसाठी पलंग समजू शकते. पण चार दिवसांच्या प्रवासाला मिसळणाचा डबा, कपड्यांच्या खुंट्या आणि देवाचा कोनाडा कशाला? मी काही दुधखुळी नाही.

आमच्या आळीतल्या धोंडीने म्हाताऱ्या आईची खाट गोठ्यात नेऊन टाकली, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या पोराने गोठ्याला चाकं लावली, एवढाच फरक. बदलापूरचं घर मी उभं केलंय. नवरा गेला तेव्हा भिंती अर्ध्यावर होत्या. उरलेल्या मी मजुरी करून चढवल्या. त्या घरातून उठून मी अंगणातल्या डब्यात राहायला जाणार नव्हते.

म्हणून मी त्या पलंगाला पाठ टेकली नाही. एकदा टेकली की तो माझाच ठरला असता. पुढे दोघांच्या मध्ये अंग चोरून बसले. गुडघे ठणकत होते, तरी हूं की चूं केलं नाही.

गेवराईच्या पुढे सगळं माळरान. वाळलेलं पिवळं गवत, मध्येच एखादी बाभळ, आणि रस्ता संपता संपेना. चहाला थांबलो तेव्हा सुनेत्रा नवऱ्याला हळूच म्हणाली, "आईंना अजून सांगितलं नाय तुमी. अंगणात गाडी लावल्यावर सांगनार का?" मला बघून लगबगीने गाडीत जाऊन बसली. माझ्या हातातला चहा गार झाला. खरं सांगते, मला रडू येत होतं, पण त्या दोघांसमोर रडायची माझी तयारी नव्हती.

पाथर्डीच्या अलीकडे कमळाकरने गाडी कच्च्या रस्त्याला घातली. हे तर सुनेत्राच्या माहेरचं गाव. एका घरासमोर थांबलो आणि आतून दोघांनी उचलून आणली ती विठा, सुनेत्राची आई, माझी विहीण. पडून पाय मोडला होता आणि वाकडाच सांधला होता. घरात तिचं करणारं कुणी नाही. तिला नीट पलंगावर निजवलं.

पलंग माझ्यासाठी नव्हताच. जीव भांड्यात पडला, आणि पुढच्याच क्षणी डोकं फिरलं. माझ्या अंगणात कोण राहणार, हे मला न विचारता ठरवलं होतं. आणि तीही ही बाई. लग्नानंतर एकदाच आली होती, तेव्हा प्यायचं पाणी स्वतःच्या तांब्यातून घेऊन आली होती. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही तिच्याकडची रीत. सुनेत्राला अजून मूल नाही. पण त्या तांब्याने माझा अपमान झाला होता आणि तो मी सांभाळून ठेवला होता.

"लेकीच्या घरात मी पाऊल ठेवनार न्हाई," विठा पडल्या पडल्या म्हणाली. "जावई म्हनलं, गाडी काय घर न्हाई. म्हून आले."

माळशेजचा घाट लागला. वळणावळणावर मागे तांब्या पत्र्याला आपटत होता. तोच तांब्या होता.

दुपारी बदलापूरला पोचलो. कमळाकरने गाडी अंगणात लावली. मी माझ्या घरात गेले, माझ्या जागेवर आडवी झाले. डोळा लागेना. खिडकीतून गाडीचं छप्पर उन्हात तापलेलं दिसत होतं. सुनेत्रा पाणी घेऊन गेली आणि भरलेला पेला तसाच घेऊन परत आली. चुलीपाशी तोंड फिरवून बसली.

मी उठले. गाडीच्या दाराशी गेले. आत भट्टी झाली होती. विठाचं तोंड सुकलं होतं, तांब्यात तळाला घोटभर पाणी.

"विहीनबाई, लेकीच्या घरचं पानी चालत नाय ना तुमाला?"

"न्हाई."

"नका पिऊ. पन ह्ये घर तुमच्या लेकीचं कोनी सांगितलं? माजं हाय. मी हाय तवर माजंच ऱ्हानार."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी वाटभर सुनेकडे संशयाने बघत होते, अगदी तशीच.

"मंग म्या कोन म्हून येऊ?"

"माजी पावनी म्हनून. आनि आमच्या सासूसुनेच्या मधी तोंड घालायचं नाय."

विठाने खिडकीतून हात काढून तांब्यातलं उरलेलं पाणी अंगणात ओतलं आणि रिकामा तांब्या माझ्यापुढे धरला. सुनेत्रा धावत आली, तिला मी हात लावू दिला नाही. भरायला मीच गेले.