सात नंबरची नोंद

शरदिनीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, पेनाचं टोपण दातांनी काढलं आणि रजिस्टरात लिहिलं : अकरा वाजून सात मिनिटं, पोर्ट सात, लाल.

“फिर गया?” संगणक केंद्राचे प्रमुख त्रिपाठीसाहेब दारातूनच विचारते झाले.

“गया, सर. रोज की तरह.”

समोरच्या पडद्यावर विद्यापीठाचा नकाशा होता आणि त्यावर एकोणीस इमारतींचे एकोणीस ठिपके. या इमारतींमधून जमिनीखालून आलेल्या तारा शेजारच्या खोलीतल्या एका चपट्या पेटीत खोचलेल्या होत्या. त्या पेटीला सगळे स्विच म्हणत आणि तार खोचायच्या खाचेला पोर्ट. तार चालू असली की तिचा ठिपका हिरवा, बंद पडली की लाल. गेल्या पावसाळ्यात, सत्त्याण्णव साली, एका कंपनीने हे जाळं बसवलं, तेव्हा कोसभर लांबच्या तारेची तब्येत खुर्चीत बसून कळते हे बघायला मोठमोठी माणसं येऊन गेली होती. नंतर त्या पडद्यापुढे बसायला कोणी तयार होईना. बसून बसून बघायचं काय? शरदिनीने ते काम मागून घेतलं. अठरा वर्षांपूर्वी ती टंकलेखिका म्हणून इथे लागली होती. पडदा फक्त आत्ताचं सांगतो, कालचं विसरून जातो, हे तिच्या पहिल्याच आठवड्यात ध्यानात आलं आणि तिने रजिस्टर घातलं. तसं करायला तिला कोणी सांगितलं नव्हतं.

“शुक्रवार को कमेटी आ रही है,” त्रिपाठी म्हणाले. “कंपनीवाला कहता है, तार ठीक है, पेटी ठीक है, आपका रजिस्टर गलत है. वह जब भी आता है, बत्ती हरी मिलती है.”

“वे हमेशा तीन बजे आते हैं, सर.”

त्रिपाठी हसले, मग गंभीर झाले. सात नंबरची तार पोथीखान्यात जात होती. विद्यापीठाचा हस्तलिखितांचा संग्रह तिथे होता आणि त्याची सूची संगणकात भरायचं काम नुकतंच सुरू झालं होतं. तार अशीच पडत राहिली, तर समिती ती जोडणी काढून दुसऱ्या कुठल्या तरी विभागाला देणार, हे उघड होतं.

“एक काम कीजिए,” त्रिपाठी जरा हळू आवाजात म्हणाले, “उस दिन के लिए सात नंबर को नक्शे से हटा दीजिए. अठारह रहेंगे, अठारह हरे.”

शरदिनीने टोपण पेनाला लावलं.

“यह मुझसे नहीं होगा, सर.”

ते मान हलवून निघून गेले. रागावले होते की बरं वाटलं होतं, तिला कळलं नाही.

दुपारी तिने रजिस्टर पहिल्या नोंदीपासून वाचायला घेतलं. डिसेंबरात धुकं पडायला लागलं, तेव्हापासून हे सुरू झालं होतं. अकराच्या सुमाराला लाल, साडेबाराच्या आतबाहेर पुन्हा हिरवा. रविवारी नाही. मधूनच एखादा दिवस मोकळा होता, भर आठवड्यात, काही कारण नसताना. तिने त्या मोकळ्या दिवसांच्या तारखा कागदावर उतरवून काढल्या आणि भिंतीवरचं पंचांगाचं कॅलेंडर खाली घेतलं. बोट फिरवता फिरवता थांबलं. प्रतिपदा. पुढची तारीख, तीही प्रतिपदा. त्याच्या आधीची अष्टमी.

प्रतिपदेला आणि अष्टमीला शास्त्र उघडायचं नाही, अनध्याय असतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. बिघडलेली पेटी अनध्याय पाळत नाही. पाळणारं माणूस पोथीखान्यात एकच होतं आणि ते तिचे वडील होते.

वासुदेवशास्त्री पाळंदे, घरातले अण्णा, वय चौऱ्याहत्तर. पाठशाळेतून निवृत्त झाल्यावर विद्यापीठाने त्यांना बोलावून नेलं होतं. एकाच ग्रंथाच्या सात-आठ पोथ्या समोर घेऊन त्यांतले पाठभेद टिपायचे, हे त्यांचं काम. शाई उडालेली ओळ, पाण्याने पसरलेलं अक्षर, दुसरा कोणी हात टेकायचा तिथे अण्णा पान नुसतं उजेडाकडे तिरपं धरायचे आणि वाचत सुटायचे. दक्षिणेतून आलेले पंडितसुद्धा त्यांची नजर मानत. चष्मा त्यांनी कधी लावला नाही आणि हे सांगायची संधीही कधी सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला पाच कमी असताना शरदिनी पोथीखान्याच्या व्हरांड्यात उभी होती. बाहेर धुकं इतकं दाट, की समोरचं कडुलिंबाचं झाड निम्मंच दिसत होतं. दार अर्धवट लोटलेलं होतं. आत जाऊन हाक मारावी, असं मनात होतं. पण ती फटीशीच थांबली.

अण्णा बैठकीवरून उठले. भिंत चाचपत कोनाड्यापर्यंत गेले. तिथे जाळ्याची छोटी पेटी ठेवलेली होती आणि तिच्या खाली खोलीतला एकुलता एक प्लग. त्यांनी पेटीची वायर काढली, जमिनीच्या ओलीने भिजू नये म्हणून एका फडक्यावर नीट ठेवली आणि पिशवीतून एक टेबललॅम्प काढून त्या जागी लावला. मग दिव्याच्या अगदी खाली, पोथीला नाक टेकेल इतके वाकून ते बसले. एका ओळीवरून बोट पुढे गेलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं. त्यांनी डोळे धोतराच्या सोग्याला पुसले आणि परत तीच ओळ धरली.

ती आवाज न करता मागे फिरली. चालताना तिला एकेक गोष्ट आठवत गेली. दिवाळीपासून रोजचं वर्तमानपत्र ते तिच्याकडून वाचून घेत होते. “तुझा आवाज छान लागतो सकाळचा,” म्हणायचे. नदीवरच्या राजा घाटाच्या पायऱ्या उतरताना आताशा ते पुढे चालत नसत.

केंद्रात येऊन तिने बिजली विभागाला अर्ज लिहिला : पोथीखान्यात आणखी एक प्लग बसवावा. बाबूने अर्ज घेतला आणि होळीनंतर बघू म्हणाला. रजिस्टरात तिने वेळ लिहिली. ‘कारण’ हा रकाना मात्र रिकामा ठेवला.

गुरुवारी संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, “अण्णा, पोथीखान्यात अंधार असतो का हो?”

“सूर्य आहे की.”

“कोहऱ्यात? एवढ्या धुक्यात?”

“अक्षर ओळखीचं असलं की पुरतो तेवढा.” त्यांनी भातावर वरण ओतून घेतलं. थोडं ताटाबाहेर सांडलं. ते त्यांना दिसलं नाही आणि तिने ते दाखवलं नाही.

काही वेळाने त्यांनीच विचारलं, “उद्या म्हणे दिल्लीचे लोक येताहेत तुमच्याकडे?”

“हो. पोथीखान्याची तार रोज बंद पडते, त्यावरून वाद आहे. कंपनीचा माणूस म्हणतो, तार बंद पडतच नाही, मी चुकीचं लिहिते.”

“तू लिहितेस? म्हणजे, तुला तुझ्या जागेवरून तिथलं कळतं?”

“पडद्यावर ठिपका असतो. तार बंद झाली की लाल होतो.”

“किती वाजता होतो?”

तिने पाण्याचा तांब्या जवळ ओढला. “अकरा-सव्वाअकराला.”

अण्णांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी तो खाल्ला, आणखी भात घेतला नाही आणि आचवायला उठले.

शुक्रवारी समितीचे तिघं पडद्यासमोर बसले. अध्यक्षाबाई साठीच्या, पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या होत्या. मागे त्रिपाठी उभे होते आणि कंपनीचा माणूस हाताची घडी घालून. नकाशावर एकोणीसच्या एकोणीस ठिपके होते.

अकरा वाजले. अकरा दहा. सव्वाअकरा. सात नंबर हिरवाच होता.

एरवी तिला केवढं बरं वाटलं असतं! आज तिला दिसत होते बैठकीवर बसलेले अण्णा, लॅम्प पिशवीत, आणि पुढ्यात न लागणारं पान.

“देखिए मैडम,” कंपनीचा माणूस म्हणाला, “मैं यही कह रहा था. हाथ से लिखी चीज़ है, आदमी से भूल हो जाती है.”

अध्यक्षाबाईंनी रजिस्टर पुढे ओढलं. पानं शांतपणे उलटली.

“एकतीस नोंदी,” त्या हिंदीत म्हणाल्या. “सगळ्या एकाच वेळेच्या. आणि कारणाचा रकाना एकतीस वेळा कोरा. हे तुम्ही लिहिलंत?”

“हो, मॅडम.”

“कारण तुम्हांला माहीत नाही?”

शरदिनी उभी होती. खोटं तिला बोलायचं नव्हतं, आणि खरं तिच्या एकटीचं नव्हतं.

“नोंद खरी आहे, मॅडम,” ती म्हणाली. “कारण मी सांगू शकत नाही.”

कंपनीचा माणूस खाकरला. त्रिपाठींनी खिडकीकडे तोंड वळवलं. अध्यक्षाबाई पेन उघडत होत्या, तेवढ्यात दारात कोणीतरी चौकटीला धरून उभं असलेलं दिसलं. उपरण्यावर जुना करडा स्वेटर, कपाळावर गंध, केस दवाने ओले. पोथीखान्यापासून इथवर ते एकटे चालत आले होते.

“क्षमा कीजिए,” अण्णा म्हणाले. आवाज पाठशाळेतला होता, मागच्या रांगेपर्यंत जाणारा. “वह जो लाल हो जाता था, वह मैं था.”

अण्णांनी चौकट सोडली आणि सरळ उभे राहिले.

“मेरी आँखें जा रही हैं. तीन महीने हो गए. बिना दीये के पढ़ नहीं पाता, और कमरे में प्लग एक ही है. मैं आपकी मशीन का तार निकालकर अपना दीया लगाता था. मुझे क्या मालूम, यहाँ किसी को दिखता होगा. आज नहीं लगाया, तो एक अक्षर नहीं पढ़ सका. काम रखिए, न रखिए, आपकी इच्छा. लेकिन इस लड़की का लिखा हुआ एक-एक मिनट सच है. मेरे घर में पाठ गलत नहीं लिखा जाता.”

कंपनीच्या माणसाने हातांची घडी सोडली. अध्यक्षाबाई उठल्या आणि आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

“बैठिए, शास्त्रीजी.”

“पहले आप लिख लीजिए.”

अध्यक्षाबाईंनी उभ्या उभ्याच लिहिलं. नोंदी विश्वासार्ह आहेत. जोडणी पोथीखान्यातच राहील. आठ दिवसांत खोलीत दुसरा प्लग आणि चांगला दिवा. मग पेन थांबवून विचारलं, “आणि डोळे कोणाला दाखवले?”

“दाखवले असते, तर त्याने चष्मा दिला असता,” अण्णा म्हणाले, आणि अध्यक्षाबाई पहिल्यांदाच हसल्या. सोमवारी डॉक्टरकडे जाण्याचं त्यांनी सगळ्यांदेखत कबूल केलं. मोतीबिंदू असेल तर निघेल, दुसरं काही असलं तर बघू, असं त्रिपाठी म्हणाले. अण्णांनी त्यावर मान हलवली नाही, पण वादही घातला नाही.

माणसं गेल्यावर शरदिनीने रजिस्टर उघडलं आणि रिकाम्या रकान्यात लिहिलं : वीज खंडित, मानवी कारण, निराकरण सुरू. अण्णा शेजारी बसून पेनाचा आवाज ऐकत होते.

“काय लिहिलंस?”

तिने वाचून दाखवलं.

“निराकरणातला ‘ण’ नीट काढलास ना?”

“हो, अण्णा.”

दोघं बाहेर आले, तेव्हा धुकं थोडं विरलं होतं. फाटकाशी पाळंदेशास्त्र्यांना ओळखणारा एक रिक्षावाला उभा होता. शरदिनीने त्यांचा दंड धरला. रोज ते हात झटकून टाकत. आज त्यांनी पायरी सापडेपर्यंत तो तसाच राहू दिला.

“का पंडितजी,” रिक्षावाल्याने पायडलवर पाय ठेवत तिकडच्या बोलीत विचारलं, “आज बड़ी जल्दी छुट्टी? पोथीखाना बंद बा का?”

अण्णांनी उपरणं खांद्यावर नीट घेतलं.

“पोथीखाने से नहीं आ रहे,” ते म्हणाले. “बिटिया के दफ्तर गए थे.”